साडी आहे, खोली कुठे आहे?

टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात पुरुष साडी नेसून आला की पहिला हशा तिथेच पडतो. त्याने ती का नेसली, याचं उत्तर स्किटमध्ये नसतं. पाहुणे कलाकार टाळ्या पिटताना दिसतात, कॅमेरा त्यांच्यावरच थांबतो, आणि दहा मिनिटांनी दुसरं स्किट सुरू होतं. मघाचा साडीतला माणूस कोण होता, त्याचं काय अडलं होतं, हे घरातल्या प्रेक्षकाला आठवत नाही. कसं आठवणार? त्याचं काही अडलेलंच नव्हतं.

आता ‘अशी ही बनवाबनवी’ घ्या. सप्टेंबर १९८८ मध्ये आलेला हा सिनेमा महाराष्ट्रात आजही तोंडपाठ आहे. त्यातही दोन पुरुष साडी नेसतात. पण आधी त्यांना पुण्यात जागा मिळत नाही. घरमालक सरपोतदारांच्या खोलीतून बाहेर पडावं लागतं, आणि लीलाबाई काळभोरांच्या बंगल्यात जागा आहे ती फक्त जोडप्यांसाठी. त्या एका अटीतून परशुरामची पार्वती होते आणि सुधीरची सुधा. साडी हे त्या खोलीचं भाडं आहे. पदर सरकला तर डोक्यावरचं छप्पर सरकणार, हे प्रेक्षकाला प्रत्येक प्रसंगात ठाऊक असतं आणि लीलाबाईंना ठाऊक नसतं. म्हणून साधा चहाचा प्रसंगही हसवतो. चहात विनोद नाही, पकडले जाण्याच्या भीतीत आहे.

हे लिहिणारा माणूस वसंत सबनीस. सिनेमातली वाक्यं लग्नात, वर्गात, व्हॉट्सअॅपवर रोज फिरतात. दिग्दर्शक सचिन, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे सगळ्यांना माहीत आहेत. लेखकाचं नाव विचारा, दहातले आठ गप्प बसतील. याच सबनीसांनी १९६५ मध्ये ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिलं, दादा कोंडक्यांचा १९७१ चा ‘सोंगाड्या’ही त्यांचाच. वगाच्या मोकळ्या मैदानातून आलेला लेखक बंगल्याच्या चार भिंतींत तितक्याच सहजतेने वावरला. ‘बनवाबनवी’ची मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’मधली. सांगाडा तोच. पण त्या हिंदी सिनेमाचं नाव आज किती जणांच्या ओठांवर आहे? सबनीसांनी त्या सांगाड्यात पुण्याचा घरमालक बसवला, भाड्याचा हिशेब बसवला, उपकार केल्यासारखं बोलणं बसवलं. कल्पना उसनी चालते. गाव उसनं चालत नाही.

बिली वाइल्डर आणि आय. ए. एल. डायमंड यांच्या १९५९ च्या ‘सम लाइक इट हॉट’मध्येही दोन वादक बायकांचे कपडे घालतात. त्यांनी गुंडांनी केलेलं हत्याकांड पाहिलेलं असतं आणि गुंड त्यांच्या मागावर असतात. पुण्यात खोली जाईल, तिकडे जीव जाईल. दोन्हीकडे कपडे बदलणं हा शेवटचा उपाय आहे. आपल्या स्किटमध्ये तो पहिलाच उपाय असतो, आणि बहुतेक वेळा एकमेव.

टीव्हीवर चांगलं काही झालंच नाही, असं मी म्हणणार नाही. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये अरविंद जगतापांनी लिहिलेलं पत्र पोस्टमन वाचायला लागला की हसणारं घर मध्येच गप्प व्हायचं, पुन्हा हसायचं. पत्र लिहिणाऱ्याला काहीतरी हवं असायचं आणि ते मिळत नसायचं. तेवढं असलं की पुरतं. पण दर आठवड्याला भाग द्यायचा, चार स्किटं लिहायची, सेटवर कलाकारांनी अॅडिशन घ्यायच्या, संकलनात लाफ्टर भरायचा, या घाईत सगळ्यात आधी ‘का’ हा प्रश्न कापला जातो. उरतो तो विग, जाडेपणावरचा टोमणा आणि वऱ्हाडी-अहिराणी बोलणाऱ्या माणसाची नक्कल.

ज्या गावात हा ‘का’ प्रत्येक चौकात उभा आहे, त्या चाकणमध्ये बसून मी हे लिहितो आहे.

कांद्याच्या बाजाराचं हे गाव. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी इथल्या संग्रामदुर्गात शाइस्तेखानाला पन्नासहून जास्त दिवस थोपवून धरलं. आता महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खालुंब्रे, सावरदरी, भांबोली, वासुली या गावांच्या शेतांत मोटारी, दुचाकी आणि त्यांचे सुटे भाग तयार होतात. पाळी सुटायच्या वेळी तळेगाव चौकात कंटेनर, कंपनीच्या बसगाड्या, ट्रॅक्टर आणि दुचाकी एकमेकांत अडकून बसतात. बीड, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, बुलढाणा, यवतमाळ इथून पोरं येतात. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून येतात. गावच्या लोकांनी जमिनी दिल्या, उरलेल्या तुकड्यावर खोल्यांच्या रांगा बांधल्या आणि भाडी सुरू झाली. एका खोलीत पाच-सहा जण, डबा मेसचा, अंघोळीला नंबर.

यातलं काय काय पडद्यावर आलं? मराठी मालिकेत कंपनी असते, पण ती वातानुकूलित केबिनमधली, आणि तिचा मालक नायिकेच्या प्रेमात असतो. लाइनवर उभा राहून आठ तास एकच नट आवळणारा माणूस मला तरी आपल्या विनोदात भेटलेला नाही. चॅप्लिनने तो १९३६ मध्ये ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये दाखवला. कामगाराच्या जेवणाची सुट्टी वाचावी म्हणून मालकाला घास भरवणारं यंत्र विकायला लोक येतात, चॅप्लिनला त्या यंत्रात बसवतात, आणि यंत्र बिघडतं. प्रेक्षक पोट धरून हसतो. आणि हसता हसता त्याला कळतं की या माणसाची जेवणाची सुट्टीही कोणाला तरी खुपत होती. टार्गेट, रिजेक्शन, रिवर्क, लाइन बंद पडल्यावर सुरू होणारी पळापळ, हे सगळं चाकणच्या पोरांच्या रोजच्या बोलण्यात आहे. नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेत लिहून झालेली गोष्ट आम्ही अजून मराठीत सुरूच केलेली नाही.

मुंबईच्या गिरणगावाने स्वतःचा विनोद स्वतः लिहिला होता. तिथेही एका गाळ्यात अनेक जण राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे, खाणावळीत जेवायचे. दादा कोंडके नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढले आणि त्याच वस्तीच्या भाषेत पडद्यावर बोलले. पांढरपेशांनी नाकं मुरडली, थिएटरं भरली. कोकणातून मुंबईत आलेल्या चाकरमान्यांची मालवणी गंगाराम गवाणकरांनी ‘वस्त्रहरण’मध्ये आणली. १९८० मध्ये ते नाटक व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी ते हजारो प्रयोगांपर्यंत नेलं. त्यात मालवणी बोलणाऱ्याला कोणी हसत नाही. गावात नाटक उभं करायची त्याची धडपड आणि ती फसणं, याला आपण हसतो. लिहिणारा आणि बोलणारा एकाच मातीचा असला की बोली चेष्टेचा विषय होत नाही. चाकणला आज अर्ध्या महाराष्ट्राच्या बोली एका खोलीत झोपतात, आणि टीव्हीवर त्यांची फक्त नक्कल होते.

जॉन मॅडिसन मॉर्टनचा ‘बॉक्स अँड कॉक्स’ हा फार्स लंडनमध्ये १८४७ साली रंगमंचावर आला. घरमालकीण एकच खोली दोघांना भाड्याने देते. एक छापखान्यात रात्री काम करतो, दुसरा टोप्यांच्या दुकानात दिवसा. दोघांकडून भाडं घेते, दोघांना एकमेकांचा पत्ता लागू देत नाही. मग टोपीवाल्याला अचानक सुट्टी मिळते आणि तो दिवसा घरी येतो. झालं. एका सुट्टीवर सगळा फार्स उभा आहे.

हा फार्स चाकणमध्ये लिहायला काय लागतं? एकाची पहिली पाळी, दुसऱ्याची तिसरी, एक कॉट. दर आठवड्याला पाळ्या बदलतात, म्हणजे मालकाला दोन कंपन्यांचं वेळापत्रक पाठ ठेवावं लागणार. आणि पिंपरी-चिंचवडपासून इथपर्यंत अनेक कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. गुरुवारी सकाळी दोघं एकाच कॉटवर हक्क सांगणार. लंडनच्या लेखकाला सुट्टीचं निमित्त शोधावं लागलं. आपल्याकडे ते दर आठवड्याला येतं.

पण मला यापेक्षा मोठी गोष्ट दिसते. ती सविस्तर सांगतो, म्हणजे मी नुसती तक्रार करत नाही हे कळेल.

समजा, बीडकडचा एक पोरगा आहे. कंत्राटी. सात महिने झाले की ब्रेक मिळतो, मग दुसऱ्या ठेकेदाराकडे नाव, नवा गेट पास, तीच लाइन. घरी त्याने सांगितलं आहे की मी पर्मनंट झालो. हे खोटं त्याने हौसेने सांगितलेलं नाही. लग्नाच्या बैठकीत पहिला प्रश्न कंपनी कोणती, दुसरा प्रश्न पर्मनंट आहे का. दुसऱ्याला ‘नाही’ म्हटलं की पोह्यांच्या बशा परत आत जातात. हे या पट्ट्यातल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. तर स्थळ जमतं आणि मुलीचा बाप म्हणतो, “एकदा कंपनी बघून घेतो. काय हाय, लेकीचा जन्माचा सवाल हाय.”

बऱ्याच कारखान्यांत कायम आणि कंत्राटी कामगारांचे गणवेश वेगळे असतात, कुठे ओळखपत्राच्या पट्टीचा रंग वेगळा. म्हणजे पोराला पर्मनंटचा शर्ट हवा. खोलीच्या रांगेत एक पर्मनंट दादा राहतो. तो शर्ट देतो, पण खिशावर त्याचं आडनाव शिवलेलं आहे. आणि सोयरीक जुळवायला आलेल्या माणसाची नजर सगळ्यात आधी आडनावावर जाते.

‘बनवाबनवी’तल्या साडीचं काम इथे हा शर्ट करतो. आता लेखकाला एकही शाब्दिक कोटी करायची गरज नाही. सासरा खिशाकडे बघणार, पोरगा खिशावर हात ठेवणार. किती वेळ ठेवणार? चहाचा कप आला, आता दुसरा हात गुंतला. खोलीतला बिहारी मित्र मदतीला धावून येणार आणि त्याला नेमकं त्या आडनावानेच हाक मारणार, कारण तसं ठरलं होतं; पण सासऱ्यासमोर नाही, फाटकावरच्या वॉचमनसमोर मारायचं ठरलं होतं. दोन ठिकाणी दोन नावं चालवायची आहेत आणि सासरा दोन्ही ठिकाणी जाणार आहे. पोरगा त्याला फाटकापासून लांब ठेवायला धडपडणार आणि सासऱ्याचा हट्ट वाढत जाणार.

यात एक गोष्ट सांभाळायची. प्रत्येक नवं खोटं आधीचं झाकण्यापुरतंच हवं. गंमत म्हणून पात्राला खोटं बोलायला लावलं की प्रेक्षकाची त्याच्यावरची माया संपते. शिवाय खोटं बोलल्याबरोबर सुटका व्हायला हवी आणि पुढच्याच प्रसंगात त्याचं व्याज भरावं लागायला हवं. पोरगा म्हणतो, आज गुरुवार, कंपनी बंद. सुटला. सासरा म्हणतो, मग पगाराची पावती दाखवा. आता? पावतीवर ठेकेदाराचं नाव आहे. शर्ट उसना मिळतो, पावती मिळत नाही. पर्मनंट दादाची पावती आणली तर आकडा इतका मोठा की सासरा म्हणणार, एवढा पगार असून या खोलीत राहता? पैसे जातात कुठं? दारू पिता का?

हा प्रश्न आला की प्रेक्षागृह फुटेल. आणि त्याच क्षणी तिथे बसलेल्या कंत्राटी कामगाराच्या पोटात कालवाकालव होईल. पर्मनंट कामगाराच्या शेजारी उभा राहून तोच नट तो आवळतो आणि दोघांच्या पगारात किती अंतर आहे, हे सासऱ्याच्या भोळ्या हिशेबातून आपोआप बाहेर आलं. कोणी भाषण केलं नाही. हे भाषणात सांगणाऱ्या एकांकिका मी भरपूर पाहिल्या आहेत. तिसऱ्या मिनिटाला लोक मोबाइल काढतात.

हसायचं कोणाला, हे मात्र लेखकाने पहिल्या पानावर ठरवायला हवं. पोराला हसायचं नाही. सासऱ्यालाही नाही, तो लेकीची काळजी करतो आहे. हसायचं त्या रंगीत पट्टीला, जी एका माणसाला लग्नाच्या बाजारात उभं करते आणि दुसऱ्याला बाहेर काढते. हे आपल्याकडे कोणाला नव्याने शिकवायला नको. चाकणहून तळेगावकडे निघालं की तळेगावच्या अलीकडे इंदुरी लागतं. गजानन सरोदे, म्हणजे तमाशातले दादू इंदुरीकर, या गावचे. ‘गाढवाचं लग्न’ या वगातला त्यांचा सावळ्या कुंभार महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. १९७३ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार दिला. त्या वगात गाढव राजकन्येशीच लग्न करायचं म्हणून अडून बसतं आणि ते मागणं घेऊन गरीब कुंभाराला राजाकडे जावं लागतं. जायची त्याला हौस नाही, पण गाढव ऐकत नाही. दरबारात कुंभार घाबरलेला असतो आणि उघडा पडतो तो दरबार. सोंगाड्याचा बाण वरच्या दिशेने जातो. आणि चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे नारायणगाव, जिथे यात्रांच्या आधी फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी तमाशाची सुपारी द्यायला येतात. म्हणजे विनोदाच्या दोन मोठ्या शाळा या औद्योगिक पट्ट्याच्या दोन बाजूंना आहेत आणि मधली पोरं रात्री मोबाइलवर साडीतला माणूस बघत बसतात.

पोरांमध्ये गुण नाही असं नाही. सुपरवायझरची नक्कल करणाऱ्या, ओव्हरटाइमसाठी गयावया करणाऱ्या, मेसच्या पातळ डाळीवरच्या रील ती स्वतःच बनवतात. काही तर इतक्या नेमक्या असतात की टीव्हीवरचं महागडं स्किट त्यांच्यापुढे फिकं पडतं. टायमिंग आहे, निरीक्षण आहे, बोली अस्सल आहे. पण रील अर्ध्या मिनिटात पंच मारून संपते. माणूस तिथल्या तिथे राहतो. त्याला दुसऱ्या पानावर न्यायचं, तिसऱ्यावर अडकवायचं, पन्नासाव्यावर सोडवायचं, हे कोणी शिकवत नाही.

शिकवायला पैसे नाहीत, हे मी मानत नाही. दर जूनच्या आणि डिसेंबरच्या पगारातून कामगार कल्याण निधीची कपात होते. कंपनीही आपला वाटा भरते. १९५३ च्या कायद्याने उभं राहिलेलं कामगार कल्याण मंडळ कामगारांच्या नाट्यस्पर्धा घेतं, त्यातून चांगले नट, दिग्दर्शक घडले. पण तालमीसाठी रोज संध्याकाळी एका जागी यायला लागतं. ज्याची पाळी दर आठवड्याला फिरते आणि ज्याला सात महिन्यांनी ब्रेक मिळतो, तो कुठल्या संघात नाव घालणार? स्पर्धेपर्यंत तो त्या कंपनीत असेल याचा भरवसा नाही. दुसरीकडे, वार्षिक समारंभाला मुंबईहून टीव्हीवरचा विनोदवीर आणला जातो. तो अर्धा तास मिमिक्री करतो, साहेबांच्या नावावर एक विनोद करतो, फोटो काढतो आणि जातो. एका वर्षी तेवढे पैसे बाजूला ठेवा. दोन महिने आठ पोरांना एकच पाळी द्या, ठेकेदाराच्या माणसांनाही त्यात घ्या, आणि एक जाणता लेखक आठवड्यातून एकदा बसवा. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आणि पिंपरीचं आचार्य अत्रे रंगमंदिर इथून दूर नाहीत.

सासऱ्याचं काय झालं, ते राहिलं. तळेगाव चौकात तीन तास गाडी अडकते, त्याची एसटी चुकते आणि तो म्हणतो, “आता हितंच मुक्काम करतो, जावईबापू.” पोरगा त्याला कॉट देतो. सकाळी आठला तिसऱ्या पाळीचा माणूस येऊन त्याच कॉटवर झोपायला लागणार आहे, आणि त्याला या सगळ्यातलं काहीच सांगितलेलं नाही. पहिला अंक इथे संपतो. दुसरा मी लिहिणार नाही. सहाच्या बसमध्ये जी पोरं बसतात त्यांच्यापैकी कोणी लिहावा. वहीत लिहिलेला चालेल, मोबाइलवर टाइप केलेला चालेल, शुद्धलेखन बघणार नाही. या सदराच्या पत्त्यावर पाठवा. मी पूर्ण वाचेन, आणि जिथे हसू आलं नाही तिथे पेन्सिलीची खूण करून परत पाठवेन.